घरचे नंबर, घरच्या तारखा, घरच्याच मशीनवर : संपर्क आणि कॅलेंडर जुळवण्याची पायरी-पायरीने माहिती

रावेर-यावल भागातल्या एखाद्या केळी उत्पादकाचा फोन उघडून बघा. कापणीचा मुकादम, गाडीवाला, दोन-तीन व्यापारी, ठिबकचा दुरुस्तीवाला, रोपांची नर्सरी, खताचं दुकान, वायरमन, सोसायटीचा सचिव. त्यातच मिसळलेले मामा, मावश्या, व्याही, मुलांचे शिक्षक. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये किंवा जळगावच्या सराफ बाजारात ही यादी वेगळी असेल, पण माणसाने आयुष्यभर जोडलेल्या ओळखी सगळीकडे याच यादीत साठलेल्या असतात. आणि ती यादी नेमकी कुठे आहे, हे मालकाला सहसा सांगता येत नाही. थोडी सिमवर, थोडी फोनच्या पोटात, थोडी मुलाने कधीतरी उघडून दिलेल्या गुगल खात्यात, ज्याचा पासवर्ड आता मुलालाही आठवत नाही.

ही यादी आणि घरच्या तारखा आपल्याच घरातल्या मशीनवर ठेवता येतात, आणि तरी घरातल्या प्रत्येक फोनवर व लॅपटॉपवर त्या सारख्या दिसतात. मोठ्या कंपन्यांच्या सेवा चालतात छान, पण आपल्या ओळखीच्या प्रत्येक माणसाचा नंबर आपण त्याला न विचारता तिसऱ्याच्या हवाली करतो, हे मला पटत नाही. शिवाय खातं अडकलं की यादीही अडकते. संगणकाची थोडी सवय असलेल्या माणसाला एका रविवारी जमेल असं हे काम आहे. त्यातला निम्मा वेळ सॉफ्टवेअरमध्ये जात नाही, नंबर साफ करण्यात जातो.

आधी हे चालतं कसं ते

संपर्क लिहून ठेवण्याची एक सर्वमान्य पद्धत आहे, व्हीकार्ड. फाइलच्या नावाला शेवटी व्हीसीएफ लागतं ती हीच. तारखांसाठी तशीच पद्धत आहे आयकॅलेंडर, फाइलचं शेपूट आयसीएस. ती १९९८ सालापासून प्रमाणित आहे. या नोंदी एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर नेण्या-आणण्याचे दोन खुले नियम आहेत. कॅलेंडरसाठी कॅलडॅव्ह, जो २००७ मध्ये प्रमाणित झाला, आणि संपर्कांसाठी कार्डडॅव्ह, जो २०११ मध्ये झाला. दोन्ही नियम कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाहीत. म्हणून उद्या सर्व्हर बदलला, ॲप बदललं, अँड्रॉइडवरून आयफोनवर गेलात, तरी नोंदी त्याच राहतात.

दुकानाच्या गादीवर एक मुख्य वही असते आणि प्रत्येक भावाच्या खिशात तिची नक्कल असते, तसं समजा. कोणी आपल्या नकलेत नवी नोंद केली की ती गादीवरच्या वहीत चढते आणि तिथून बाकीच्यांच्या नकलांत उतरते. गादीवरची वही म्हणजे आपला सर्व्हर. महत्त्वाचं असं की प्रत्येक फोनमध्ये पूर्ण नक्कल असते. वीज गेली, सर्व्हर बंद पडला, शिवारात रेंज नसली, तरी फोनमधले नंबर आणि तारखा जागच्या जागी दिसतात. वीज आली, फोन घरी आला, की राहिलेले बदल आपोआप जुळतात. चोवीस तास वीज नसलेल्या गावातही ही रचना व्यवस्थित चालते, ती यामुळेच.

पायरी १ : नंबर गोळा करणं आणि निवडणं

या पायरीला घाई करू नका. कचरा सर्व्हरवर चढवला तर तोच कचरा घरातल्या सगळ्या फोनवर पसरतो.

प्रथम प्रत्येक फोनमधलं संपर्कांचं ॲप उघडा आणि नोंदी कोणकोणत्या जागी आहेत ते बघा : सिम, फोन, गुगल, एखादं जुनं ईमेल खातं. सिमवरच्या नोंदी आधी फोनमध्ये आणा. सिमवर नाव आणि नंबर याहून फारसं काही मावत नाही, त्यामुळे पत्ता, वाढदिवस, टीप यांसाठी सिम कामाचं नाही. नंतर ॲपमधल्या ‘एक्स्पोर्ट’ या पर्यायाने सगळ्या नोंदींची एक व्हीसीएफ फाइल काढा आणि लॅपटॉपवर घ्या. गुगल खात्यातले संपर्क असतील तर लॅपटॉपच्या ब्राउझरमधून गुगल कॉन्टॅक्ट्स उघडून तिथूनही व्हीकार्ड काढता येतं. ही मूळ फाइल एका वेगळ्या फोल्डरमध्ये तशीच ठेवा, तिला पुन्हा हात लावू नका. कामासाठी तिची प्रत घ्या.

आता मराठीत नावं लिहिणाऱ्यांसाठी एक खास अडचण. अनेक अँड्रॉइड फोन व्हीकार्डच्या जुन्या २.१ आवृत्तीत फाइल काढतात. त्या आवृत्तीत देवनागरी अक्षरं थेट लिहिली जात नाहीत, त्यांचं सांकेतिक रूपांतर होतं. फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली की नावाच्या जागी बरोबरच्या (=) चिन्हांमागून ई०, ए४, ई०, ए५ अशा तुकड्यांची लांबलचक माळ दिसते. घाबरू नका, नाव शाबूत आहे. पण काही सर्व्हर आणि ॲप ही माळ नीट उलगडत नाहीत आणि मग ‘मुकादम’ऐवजी फोनवर आकड्यांचा चुरा दिसतो. प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला आवृत्तीचा आकडा असतो, तो आधी बघा. २.१ असेल तर फाइल गुगल कॉन्टॅक्ट्समध्ये किंवा लॅपटॉपवरच्या थंडरबर्ड या ईमेल-संपर्कांच्या मोफत प्रोग्रॅममध्ये घेऊन तिथून पुन्हा बाहेर काढा. पुन्हा उघडून बघा : ३.० किंवा ४.० आकडा आणि स्वच्छ देवनागरी दिसली की पुढे जा. गुगलपासून लांबच राहायचं असेल तर थंडरबर्डच बरा.

मग झाडलोट. एकच माणूस शून्य लावून, ‘+९१’ लावून आणि नुसत्या दहा आकड्यांनी असा तीनदा असतो. सगळे नंबर ‘+९१’ लावूनच ठेवा, म्हणजे परदेशातल्या मुलालाही ती यादी जशीच्या तशी चालते. लँडलाइनला जळगावचा ०२५७, धुळ्याचा ०२५६२ असा कोड लावलेला असू द्या, ‘+९१’ लावताना पुढचं शून्य तेवढं काढा.

नावांची रीत एकदाच ठरवा आणि घरात सगळ्यांना सांगा. आपल्याकडे पाटील, चौधरी, महाजन, सोनवणे ही आडनावं एकेका फोनमध्ये ढिगाने असतात. नुसतं ‘पाटील २’, ‘पाटील नवीन’ लिहिलेलं दुसऱ्या कोणाच्या उपयोगाचं नाही. व्हीकार्डमध्ये नाव, आडनाव, टोपणनाव, संस्था, पत्ता, टीप असे वेगळे रकाने असतात, त्यांचा उपयोग करा. मला सोयीची वाटलेली रीत अशी : नाव-आडनाव त्यांच्या रकान्यात, संस्थेच्या रकान्यात गाव आणि काम (‘किनगाव, ठिबक’), टोपणनावाच्या रकान्यात घरात ज्या नावाने हाक मारतात ते, म्हणजे अप्पा, बापू, नाना. शोधताना ‘किनगाव’ टाइप केलं की तिथली सगळी माणसं एकत्र दिसतात. वडिलांना ‘बापू’ शोधून सापडतात, मुलाला आडनावावरून सापडतात. नोंद एकच.

शेवटी आपल्या संपर्कांचे गट पाडा : घर, शेती किंवा धंदा, आणि अगदी खासगी. प्रत्येक गटाची व्हीसीएफ फाइल वेगळी ठेवा. पुढच्या पायरीत याच गटांची वेगवेगळी खाती होणार आहेत.

पायरी २ : मशीन

नवं काही घेण्याची गरज नाही. संपर्क आणि तारखा म्हणजे साध्या मजकुराच्या बारीक फाइली. त्यांना ताकद लागत नाही. कपाटात पडलेला जुना लॅपटॉप यासाठी उत्तम. त्यावर विंडोजऐवजी डेबियन किंवा लिनक्स मिंट ही मोफत संगणक-प्रणाली टाका. रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणकही चालतो आणि त्याला वीज अगदी थोडी लागते. तरी खान्देशात मी नवख्या माणसाला जुना लॅपटॉपच सुचवतो, कारण त्याची बॅटरी. वीज अचानक गेली तरी लॅपटॉप थोडा वेळ तग धरतो. रास्पबेरी पाय त्याच क्षणी बंद पडतो, आणि असं वारंवार झालं की त्याच्या मेमरी कार्डवरच्या फाइली खराब होण्याचा धोका असतो. घरात इन्व्हर्टर असेल आणि राउटर त्यावर असेल, तर पायसुद्धा त्याच बोर्डावर जोडा आणि निश्चिंत राहा.

लॅपटॉपची बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र ती काढून टाका. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यात फुगलेली बॅटरी घरात ठेवणं धोक्याचं आहे. मशीनची जागाही विचार करून निवडा. पत्र्याची खोली नको, माळा नको, बंद कपाट नको. खालच्या मजल्यावरची, भिंतीला उन्हाची झळ न लागणारी, राउटरजवळची जागा बघा. जाळीवर धूळ बसते, ती महिन्यातून एकदा झटका.

दोन सेटिंग विसरू नका. झाकण मिटलं तरी लॅपटॉप झोपणार नाही असं पॉवर सेटिंगमध्ये ठरवा. आणि राउटरच्या पानावर जाऊन या मशीनला कायमचा एकच आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कवरचा मशीनचा क्रमांक) बांधून द्या, समजा १९२.१६८.१.५०. नाहीतर राउटर बंद-चालू झाला की पत्ता बदलतो आणि सगळे फोन जुन्याच पत्त्यावर शोधत बसतात.

पायरी ३ : रॅडिकॅल बसवणं

सर्व्हरसाठी मी रॅडिकॅल सुचवतो. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, पायथॉनमध्ये लिहिलेलं, छोटं. कॅलेंडर आणि संपर्क याखेरीज दुसरं काही करत नाही. नोंदी कोणत्याही डेटाबेसमध्ये न कोंबता साध्या फोल्डरमध्ये एकेक फाइल करून ठेवतं. उद्या रॅडिकॅल बंद पडलं तरी त्या फाइली कोणत्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून वाचता येतात. नवख्या माणसाला हा गुण फार मोलाचा आहे. नेक्स्टक्लाउड आणि बायकाल हेही चांगले पर्याय आहेत. नेक्स्टक्लाउडमध्ये फोटो आणि फाइलीही ठेवता येतात, पण त्याची देखभाल जास्त. फक्त नंबर आणि तारखांसाठी एवढा पसारा कशाला?

डेबियन किंवा मिंटच्या सॉफ्टवेअर यादीत रॅडिकॅल नावानेच सापडतं, तिथून बसवा. सेटिंगच्या फाइलीत लिहायच्या ओळी रॅडिकॅलच्या संकेतस्थळावरच्या माहितीत जशाच्या तशा दिलेल्या आहेत, त्या तिथून उचला. त्यात आपल्याला बदलायच्या जागा मोजक्याच आहेत.

पहिली, सर्व्हर विभागातली होस्ट्सची ओळ. मुळात रॅडिकॅल फक्त त्याच मशीनवरून येणाऱ्या हाकेला उत्तर देतं. घरातल्या इतर फोनचं ऐकायचं असेल तर इथे चार शून्यांचा पत्ता, म्हणजे ०.०.०.०, आणि पुढे कोलन देऊन ५२३२ लिहायचं. ५२३२ हा रॅडिकॅलचा ठरलेला पोर्ट, म्हणजे मशीनवरचं त्याचं दार. हे आकडे अर्थात इंग्रजी अंकांत टाइप करायचे.

दुसरी, ओळख तपासण्याचा विभाग. तिथे एचटीपासडब्ल्यूडी (htpasswd) पद्धत निवडा, पासवर्डची फाइल कुठे आहे ते लिहा, आणि पासवर्ड साठवण्यासाठी बीक्रिप्ट (bcrypt) ठेवा, म्हणजे फाइल उघडली तरी पासवर्ड वाचता येत नाही. बीक्रिप्टचं छोटं वेगळं पॅकेज बसवावं लागतं, तेवढं बघा. पासवर्डची फाइल तयार करणारं साधन अपाचेच्या उपसाधनांच्या पॅकेजमध्ये (apache2-utils) मिळतं. त्याने तीन वापरकर्ते तयार करा : एक घरासाठी, एक धंद्यासाठी, एक स्वतःसाठी. घरातल्या आणखी कोणाला खासगी नोंदी हव्या असतील तर त्यांचा चौथा. पासवर्ड लांब ठेवा आणि कागदावर लिहून घरच्या महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवा. घरातल्या दुसऱ्या माणसालाही ते माहीत असायला हवेत.

वेगवेगळे वापरकर्ते कशासाठी? रॅडिकॅलची मूळ रीत अशी आहे की ज्याची वही त्यालाच दिसते. ही रीत मोडून परवानग्यांचे नियम लिहिता येतात, पण नवख्याने त्यात शिरू नये. सामाईक खातं हा सोपा मार्ग. ‘घर’ हे खातं सगळ्यांच्या फोनवर टाकायचं, ‘धंदा’ हे फक्त वडील, भाऊ आणि दिवाणजींच्या. एका फोनवर कितीही खाती राहू शकतात.

तिसरी, सेवा सुरू करून मशीन चालू झालं की ती आपोआप सुरू होईल असं ठरवणं. मशीनवर फायरवॉल (बाहेरच्या हाका अडवणारा पहारा) चालू असेल तर ५२३२ पोर्ट घरच्या नेटवर्कपुरता मोकळा करा.

आता घरातल्या दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये मशीनचा आयपी, कोलन आणि ५२३२ टाइप करा. रॅडिकॅलचं साधं पान उघडेल. ‘घर’ या वापरकर्त्याने आत जा, एक कॅलेंडर तयार करा, मग ‘घर’ गटाची साफ केलेली व्हीसीएफ फाइल तिथूनच वर चढवा, तिची संपर्कवही तयार होते. बाकी खात्यांसाठीही तेच. पान उघडलंच नाही तर होस्ट्सची ओळ आणि फायरवॉल, याच दोन जागा आधी तपासा.

पायरी ४ : अँड्रॉइड फोन

अँड्रॉइडला कॅलडॅव्ह आणि कार्डडॅव्ह जन्मतः येत नाहीत, एक पूल लागतो. डॅव्हएक्स५ हे ॲप त्यासाठी उत्तम. २०१३ पासून चालू असलेला हा मुक्त प्रकल्प ऑस्ट्रियातली एक छोटी चमू सांभाळते. प्ले स्टोअरवर ते विकत मिळतं, एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपच्या भांडारातून मोफत. कामाला आलं तर त्या चमूला पैसे द्यावेत असं मला मनापासून वाटतं.

ॲप उघडून अधिकच्या चिन्हावर टिचकी द्या, ‘पत्ता आणि वापरकर्ता नाव’ हा पर्याय घ्या, मशीनचा पत्ता पोर्टासकट लिहा, वापरकर्ता आणि पासवर्ड भरा. खात्याला ओळखू येईल असं नाव द्या. मग संपर्कवही आणि कॅलेंडर यांच्यासमोरची बटणं चालू करा आणि एकदा हाताने सिंक करा, म्हणजे फोन आणि सर्व्हर यांच्या नोंदी जुळवा. दुसरं खातं असेल तर पुन्हा तेच.

इथवर बहुतेकांचं जमतं. बिघडतं ते यापुढे, आणि ते दोनच कारणांनी.

पहिलं कारण : नवीन नंबर कुठे साठतो. संपर्कांच्या ॲपमध्ये ‘नवीन संपर्कांसाठी मूळ खातं’ असं एक सेटिंग असतं आणि ते सहसा गुगल किंवा फोनवर असतं. ते बदलून आपलं ‘घर’ खातं करा. नाहीतर जुने नंबर आपल्या मशीनवर आणि नवे सगळे पुन्हा गुगलवर, अशी फाटाफूट सुरू राहते आणि काही महिन्यांनी लक्षात येते. कॅलेंडर ॲपमध्येही मूळ कॅलेंडर कोणतं ते असंच ठरवा. घरातल्या प्रत्येक फोनवर, न चुकता.

दुसरं कारण : बॅटरी वाचवणं. आपल्याकडे चालणाऱ्या बऱ्याच कंपन्यांचे फोन पाठीमागे चालणारी ॲप स्वतःहून बंद करतात. डॅव्हएक्स५ला बॅटरीच्या निर्बंधातून सूट द्या, आणि फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ नावाचं सेटिंग असेल तर तेही चालू करा. सिंकचं अंतर मुळात चार तासांचं असतं. धंद्याच्या खात्याला ते कमी करायला हरकत नाही, घरच्या खात्याला चार तास पुष्कळ झाले.

दिसण्यासाठी फोनमधलं नेहमीचंच संपर्क आणि कॅलेंडर ॲप चालतं. त्यातून डेटा बाहेर जाण्याची शंका असेल तर फॉसिफाय या मुक्त मालिकेतली दोन्ही ॲप घ्या, ती हलकी आहेत आणि जुन्या फोनवरही सुरळीत चालतात.

आयफोन आणि संगणक

आयफोनला पूल लागत नाही. सेटिंगमध्ये संपर्कांच्या खात्यांत जाऊन ‘अन्य’ निवडा, तिथे कार्डडॅव्हचं खातं जोडा, मग कॅलेंडरच्या खात्यांत जाऊन कॅलडॅव्हचं. साधा पत्ता चालला नाही तर शेवटी तिरकी रेघ देऊन वापरकर्त्याचं नाव जोडलेला पूर्ण पत्ता द्या. लॅपटॉपवर थंडरबर्ड घ्या : पत्त्यांच्या वहीत कार्डडॅव्ह वही जोडायची, कॅलेंडरमध्ये ‘नेटवर्कवरचं’ नवीन कॅलेंडर. मोठ्या पडद्यावर नंबर दुरुस्त करायला थंडरबर्डसारखं सोयीचं काही नाही.

पायरी ५ : कॅलेंडर आपल्या जगण्याप्रमाणे मांडणं

वाढदिवस, विम्याचे हप्ते, गॅसची नोंदणी, आठवडे बाजार : या नोंदी एकदा करून ‘दर वर्षी’, ‘दर महिन्याला’, ‘दर आठवड्याला’ असं पुनरावर्तन लावलं की झालं. वाढदिवसाची नोंद पूर्ण दिवसाची करा, तिला वेळ देऊ नका. कॅलेंडरचा टाइम झोन आशिया/कोलकाता असल्याची खात्री करा. नाहीतर परदेशातल्या मुलाच्या फोनवर पूजेची वेळ चुकीची दिसते.

तिथीच्या सणांचं मात्र असं होत नाही. आखाजी (अक्षय्य तृतीया) वैशाख शुद्ध तृतीयेला, कानबाईचा उत्सव नागपंचमीनंतरच्या रविवारी, सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला. फोनमधली कॅलेंडर ॲप ‘दर वर्षी’ म्हणजे इंग्रजी तारखेप्रमाणेच धरतात. या वर्षीच्या आखाजीला वार्षिक पुनरावर्तन लावलं तर पुढच्या वर्षी भलत्याच दिवशी आठवण येईल, आणि माहेरी येणाऱ्या लेकीची गाडी आरक्षित करायची राहून जाईल. श्राद्धतिथीचंही तेच. उपाय एकच आणि तो जुनाच : नवं पंचांग घरात आलं की अर्धा तास बसायचं आणि वर्षभराच्या तिथी ‘घर’ कॅलेंडरमध्ये हाताने भरायच्या. हे काम आजी किंवा आईला शेजारी बसवून करा. कोणती तिथी कोणत्या घरची, कोणाकडे जेवायला जायचं, हे त्यांनाच पाठ असतं. ते नोंदीच्या टीपेत लिहून ठेवा. मग ती माहिती पुढच्या पिढीच्या प्रत्येक फोनवर राहते.

शेतीचं कॅलेंडर वेगळं ठेवा, रंग वेगळा द्या. केळीच्या मृगबागेची (पावसाळी) लागवड, कांदेबागेची (पावसाळ्यानंतरची) लागवड, खतांचे डोस, फवारणी, कापणीचा अंदाज. केळीला लागवडीपासून कापणीपर्यंत साधारण वर्ष लागतं, त्यामुळे लागवडीच्या दिवशीच पुढच्या सगळ्या टप्प्यांच्या नोंदी करून ठेवता येतात. झालेल्या कामाच्या नोंदीही पुसू नका. कोणत्या शेतात कोणता डोस कधी दिला, हे दोन वर्षांनी शोधून सापडतं.

कृषिपंपांच्या विजेची पाळी काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री अशी जिथे आहे, तिथे दिवसपाळीची एक आणि रात्रपाळीची एक अशा दोन नोंदी करा आणि आपल्या फीडरच्या (विजेच्या लाइनच्या) वेळापत्रकाप्रमाणे वार निवडून पुनरावर्तन लावा. वेळापत्रक बदललं की एकाच ठिकाणी बदलायचं, मोटर बघणाऱ्या सगळ्यांच्या फोनवर ते उतरतं. पण एक सांभाळा. नोंदीला लावलेला गजरही नोंदीबरोबर प्रत्येक फोनवर जातो. रात्री दीडचा मोटरचा गजर सामाईक कॅलेंडरमध्ये लावला तर घरातलं तान्हं बाळही उठेल. तसे गजर आपल्या खासगी कॅलेंडरमध्ये लावा.

घराबाहेर असताना

माझा सल्ला : पहिला महिना फक्त घरच्या वायफायवर सिंक चालू द्या. संध्याकाळी फोन घरी आला की सगळं जुळतं आणि बहुतेक कुटुंबांना तेवढं पुरतं. डॅव्हएक्स५मध्ये ‘फक्त वायफायवर’ असं सेटिंगही आहे.

एक भाऊ पुण्याला, मुलगी नाशिकला, असं असेल तर बाहेरून पोचण्याची सोय लागते. राउटरमधला पोर्ट उघडून रॅडिकॅल थेट इंटरनेटवर टाकू नका. या मांडणीत पासवर्ड उघडाच प्रवास करतो. घरच्या वायफायवर ते चालून जातं, बाहेर नाही. शिवाय मोबाइल इंटरनेटवर आणि बऱ्याच फायबर जोडण्यांवर एक सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे पोर्ट उघडूनही बाहेरून हाक पोचत नाही.

यावर मार्ग म्हणजे स्वतःचा खासगी बोगदा, म्हणजे इंटरनेटमधून फक्त आपल्याच उपकरणांपुरती कुलूपबंद वाट. वायरगार्ड हे त्याचं मुक्त साधन, आणि टेलस्केल ही त्याच्यावर उभी असलेली सोपी सेवा. टेलस्केल मशीनवर आणि प्रत्येक फोनवर बसवा, एकाच खात्याने आत जा, प्रत्येक उपकरणाला एक खासगी पत्ता मिळतो. डॅव्हएक्स५मध्ये मग घरच्या आयपीऐवजी तो पत्ता द्यायचा. उपकरणांची ओळख एकमेकांना करून देण्याचं काम ती कंपनी करते, पण नोंदी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुलूपबंद जातात, कंपनीला वाचता येत नाहीत. तेवढाही आधार नको असेल तर वायरगार्ड स्वतः मांडता येतं, मात्र त्यासाठी सार्वजनिक पत्ता हवा आणि अभ्यासही.

पायरी ६ : जपणूक

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. नातवाने खेळता खेळता पन्नास नंबर पुसले, तर ते पुसणंही इमानेइतबारे सगळ्या फोनवर पोचतं. म्हणून रॅडिकॅलचा नोंदींचा फोल्डर दर आठवड्याला पेनड्राइव्हवर उतरवा, फोल्डरच्या नावात तारीख घाला आणि मागच्या काही प्रती राहू द्या. आकार इतका लहान असतो की जागेची चिंता नको. एक पेनड्राइव्ह घराबाहेर, भावाच्या घरी किंवा दुकानात ठेवा. पुढे सवय झाली की रॅडिकॅलला गिट हे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन जोडता येतं. मग प्रत्येक बदलाचा इतिहास आपोआप राहतो आणि कोणत्याही दिवसाची स्थिती परत आणता येते.

बॅकअप घेतला म्हणजे तो परत येतोच असं नाही, करून बघावं लागतं. रॅडिकॅलच्या पानावर पेनड्राइव्हवरून एक-दोन व्हीसीएफ फाइली चढवा, त्यांच्या नव्या वह्या तयार होतात. त्यांत देवनागरी नावं नीट दिसतात का बघा, मग त्या वह्या काढून टाका.

मशीन सांभाळायला घरात कोणीच नसेल, तर कॅलडॅव्ह आणि कार्डडॅव्ह देणाऱ्या छोट्या ईमेल सेवा आहेत, जर्मनीतल्या पोस्टेओ किंवा मेलबॉक्ससारख्या. त्या पैसे घेतात, जाहिराती दाखवत नाहीत. पायरी २, ३ आणि बोगदा वगळून बाकी सगळं वर सांगितल्याप्रमाणेच चालतं. फक्त फोनमध्ये भरायचा पत्ता त्या सेवेचा असतो. नोंदींची एक प्रत तेव्हाही आपल्या पेनड्राइव्हवर असू द्या.

पायरी ७ : जुनी जागा रिकामी करणं

हे सगळ्यात शेवटी, आणि किमान महिनाभर नवी रचना विनातक्रार चालल्यावरच. संपर्कांच्या ॲपमध्ये फक्त आपली खाती दिसतील असं निवडा आणि आठवडाभर तसंच वापरा. या काळात कोणी ‘अमुक नंबर सापडत नाही’ म्हटलं, तर तो मूळ व्हीसीएफ फाइलीत शोधून आपल्या वहीत घाला. मग फोनच्या खात्यांच्या सेटिंगमध्ये गुगलच्या संपर्क आणि कॅलेंडर सिंकची बटणं बंद करा. घरातल्या सगळ्या फोनवर ती बंद झाली, पेनड्राइव्हवरची प्रत तपासून झाली, की लॅपटॉपवरून जुन्या खात्यातले संपर्क पुसा. तिथल्या कचरापेटीत ते तीस दिवस राहतात. तेवढ्या मुदतीत काही राहून गेल्याचं लक्षात आलं तर परत घेता येतं.